तीन पानांची फट

रॉबिन नॉक्स-जॉन्स्टनच्या ‘अ वर्ल्ड ऑफ माय ओन’ या पुस्तकात वादळं पुष्कळ आहेत, शार्क आहे, केप हॉर्नही आहे. मला मात्र ते पुस्तक कळलं ते एका छोट्या इंजिनापाशी. बोटीवरच्या बॅटऱ्या चार्ज करणारं हे इंजिन बिनसलेलं आहे. मॅग्नेटोमधली फट नेमकी जुळवायला हवी, बारा ते पंधरा थाउ, म्हणजे इंचाचे तेवढे हजारांश. गॅरेजमधल्या पोऱ्यालाही ठाऊक असलेलं, फट मोजायचं फीलर गेज बोटीवर नाही. मग हा माणूस छापील पानं मोजायला बसतो. इंचभर जाडीत दोनशे पानं भरतात. म्हणजे एक पान पाच थाउचं. तीन पानं एकत्र धरली की पंधरा. ती तीन पानं फटीत सरकवून तो फट जुळवतो आणि पुढच्या कामाला लागतो.

हा प्रसंग पुस्तकात फार जागा घेत नाही. लेखक स्वतःची पाठ थोपटत नाही, की वाचकाकडे वळून बघत नाही. डाग द्यायला सोल्डर नाही असं लक्षात येतं, तेव्हा जादा दिव्यांच्या बुडाशी असलेले कथलाचे थेंब वितळवून तो पुरेसं सोल्डर जमवतो आणि तेही तितक्याच कोरडेपणानं लिहितो. कागद वाचायचा असतो हे तो जाणतो, पण कागदाला जाडीही असते हे त्याला वेळेवर आठवतं. सागरसफरीच्या पुस्तकांत वाचक वीर आणि अद्भुत शोधत जातो. या पुस्तकाचा खरा रस तिसराच आहे आणि भरतमुनींच्या यादीत त्याला खण नाही. निघण्याआधी काय घेतलं, काय राहिलं आणि राहिलेल्याचं पुढे काय केलं, यातून तो झिरपत येतो.

थोडी पार्श्वभूमी. १९६८ साली लंडनच्या ‘संडे टाइम्स’नं गोल्डन ग्लोब शर्यत जाहीर केली: शिडाच्या बोटीतून, एकट्यानं, कुठेही न थांबता आणि कुणाची मदत न घेता पृथ्वीप्रदक्षिणा. नऊ जण निघाले, पूर्ण करून आला एकच. नॉक्स-जॉन्स्टन १४ जून १९६८ ला इंग्लंडमधल्या फाल्मथहून निघाला आणि ३१२ दिवसांनी, २२ एप्रिल १९६९ ला, पुन्हा फाल्मथलाच लागला. वय अवघं तीस. बोट बत्तीस फुटांची, दोन डोलकाठ्यांची, नाव सुहेली. आणि ही सुहेली बांधलेली होती आपल्या मुंबईत, कुलाब्याला.

मराठी वाचकानं हे पुस्तक हाती घेताना इथे जरा थांबावं. लेखक तेव्हा ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या नोकरीत होता. मुंबई आणि इराणचं आखात यांच्यामध्ये ये-जा चालायची. सोबतच्या अधिकाऱ्यांना घेऊन स्वतःची बोट बांधावी आणि तीतून इंग्लंडला परतावं अशी टूम निघाली. इंग्लंडमधल्या एका कंपनीकडून नकाशे मागवले. मागवले एका बोटीचे, आले दुसरीचे. आलेल्या बोटीचं नाव ‘एरिक’. विल्यम अ‍ॅटकिन या अमेरिकन आरेखकानं १९२० च्या दशकात ती काढली होती आणि तीही कॉलिन आर्चरच्या नॉर्वेजियन बचावबोटींवरून. दोन्ही टोकांना निमुळती, अंगानं जड, तळाचा कणा लांबच लांब. वेगाच्या शौकिनानं हिच्याकडे ढुंकूनही पाहू नये अशी. बदली नकाशे मागवत बसायला वेळ नव्हता. पदरी पडलं आणि पवित्र झालं, या न्यायानं तीच बांधायला घेतली.

कुलाब्याच्या सुतारांची मुख्य हत्यारं दोन: वाकस आणि दोरी ओढून फिरवायचा सामता. लाकूड सागवानी. एकेक फळी वाकसानं तासून जुळवायची, भोकं हातानं पाडायची. डिसेंबर १९६४ मध्ये नारळ फोडून सुहेली पाण्यात उतरली. मुंबईला यात नवं काही नव्हतं. वाडियांच्या देखरेखीखाली याच गावात १८१७ साली बांधलेली त्रिंकोमाली ही सागवानी युद्धनौका आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला पाण्यावर उभी आहे. सुहेलीचे सुतार त्याच परंपरेच्या शेवटच्या टोकाला उभे होते. फरक इतकाच की त्यांच्या पुढ्यात आता आरमार नव्हतं, पगारातून पैसे साठवणारा एक तरुण अधिकारी होता.

माझी तक्रार इथेच आहे. पुस्तकात हे कुलाबा फार लवकर उरकतं. मला त्या गोदीत आणखी थांबायचं होतं. सकाळी काम कधी सुरू व्हायचं, मिस्त्री साहेबाशी कोणत्या भाषेत वाद घालायचा, फळी चुकली की नुकसान कुणाच्या बोडक्यावर जायचं, असलं सगळं मला हवं होतं. लेखकाला मात्र समुद्राची घाई आहे. शिवाय हा मान ब्रिटनलाच मिळाला पाहिजे, फ्रेंचांना नाही, हा त्या काळच्या तरुण ब्रिटिशाचा ताठा पानोपानी जाणवतो. चाळीस-पन्नास पानांनंतर तो खटकायचा थांबतो, कारण समुद्र कुणाचं राष्ट्रीयत्व विचारत नाही आणि लेखकालाही मग पंप मारण्यातून फुरसत मिळत नाही.

शर्यतीच्या तयारीचा भाग वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा लक्षात येते. या माणसाला सुहेली न्यायचीच नव्हती. कॉलिन मुडी या आरेखकाकडून त्यानं मोठ्या पोलादी बोटीचं रेखाटन करून घेतलं होतं. ती बांधायला पैसे उभे राहिले नाहीत, सुहेली विकायला काढली तर गिऱ्हाईक मिळालं नाही. दुसऱ्यांदा तेच: पदरी पडलेली बोट. पण या वेळी एक मोठा फरक होता. ही बोट त्याच्या हाडामांसाची झाली होती. मुंबईहून तीतून तो आफ्रिकेपर्यंत गेला होता आणि केप टाऊनहून लंडनपर्यंत न थांबता ७४ दिवस आला होता. कोणता दोर कुठे कुरकुरतो, कोणत्या फळीतून ओल येते हे त्याला झोपेतही सांगता आलं असतं. नवी, वेगवान, पण अनोळखी बोट मिळाली असती तर काय झालं असतं? या प्रश्नाचं उत्तर त्याच शर्यतीतल्या दुसऱ्या एका बोटीनं दिलं. तिच्याकडे नंतर येतो.

तयारीतला माझा आवडता भाग म्हणजे ‘अ‍ॅडमिरल’. एकट्यानं जाणाऱ्याला झोपायला हवं, तेव्हा सुकाणू कुणीतरी धरायला हवं. वाऱ्याच्या झोतावर पातं फिरतं आणि ते सुकाणूला दिशा देतं, अशी यंत्रं तेव्हा मिळत. सुहेलीची मागची शिडाची आडवी काठी बोटीच्या टोकाच्याही बाहेर जात असल्यानं बाजारातलं यंत्र तिला बसेना. मग त्यानं स्वतःच जुळणी केली: दोन्ही बाजूंना नळ्यांचे सांगाडे आणि प्रत्येकावर प्लायवुडचं एकेक पातं. नाव ठेवलं अ‍ॅडमिरल. दिसायला बेढब, वाटेत सतत मोडकं आणि अर्ध्या प्रवासात, टास्मान समुद्राच्या आसपास, कायमचं निकामी. पुढचा सगळा प्रवास, केप हॉर्नसह, शिडांचा समतोल साधून बोटीला स्वतःच्या स्वतः सरळ चालू देऊन झाला. हे जमलं ते त्या लांबलचक, जुनाट कण्यामुळे, जो चुकीचा नकाशा आला म्हणून मिळाला होता. लेखक हा धागा ओढून दाखवत नाही. वाचकानं स्वतः जोडला तर बरं वाटतं.

मग याद्या. पुस्तकाच्या शेवटी जोडलेल्या सामानाच्या याद्या बहुतेक वाचक उलटून टाकतात. मी त्या सावकाश वाचतो. डबाबंद मांस, डबाबंद भाज्या, बिअर, व्हिस्की आणि गोणीगोणी कांदे-बटाटे. मी कोपरखैरण्यात राहतो. तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटमध्ये पाठीवर गोणी वाहणाऱ्या माथाडी कामगारांची घरं आमच्याच वस्तीत आहेत. गोणीतला एक नासका कांदा सगळी गोणी कशी बिघडवतो, हवा न लागलेला बटाटा किती दिवसांत मोड धरतो, हे इथे शिकवावं लागत नाही. दहा महिन्यांचा कांदा-बटाटा बत्तीस फुटी ओलसर बोटीत भरणाऱ्या माणसाची यादी वाचताना मला त्या मार्केटमधली निवडणारी माणसं दिसतात. त्या यादीत कुठेही अलंकार नाही, पण भीती मात्र ओळीओळीत आहे. अमुक डबे इतके आणि तमुक तितके, असं लिहिताना माणूस दहा महिन्यांनंतरच्या स्वतःच्या भुकेशी बोलत असतो.

आमच्या खाडीत आता शीड दिसत नाही. चिखलात टेकलेल्या होड्या लहान, बहुतेक फायबरच्या, मागे एक मशीन लावलेलं. मोठ्या बंदरांत मात्र दरवर्षी १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या एकसष्ट दिवसांत हीच तयारी चालते. बोटी वर ओढायच्या, तळ खरवडायचा, तेल-रंग द्यायचा, इंजिन उघडायचं, दोर बदलायचे, जाळी तपासायची. नारळी पौर्णिमेला समुद्र शांत झाला म्हणून नारळ अर्पण होतो. कोळी नाखव्यांच्या घरी या कामाला कुणी साहस म्हणत नाही. हौसेच्या नौकाविहारावरच्या पुस्तकांत हाच भाग पहिल्या प्रकरणात एका परिच्छेदात उरकतो. नॉक्स-जॉन्स्टनही थोडा तसाच उरकतो, पण त्याचं पुस्तक त्याला तसं करू देत नाही, कारण किनाऱ्यावर राहून गेलेलं प्रत्येक काम समुद्रात समोर येऊन उभं राहतं.

त्यातला सगळ्यात मोठा प्रसंग गळतीचा. बोट अजून अटलांटिकमध्येच, केप व्हर्ड बेटांच्या आसपास आहे. तळात रोज जास्त पाणी साठतंय, दिवसातून दोनदा पंप मारावा लागतोय. वारा पडल्यावर तो मुखवटा लावून पाण्यात उतरतो आणि बोटीखाली जाऊन पाहतो. कणा आणि त्याच्या लगतची पहिली फळी यांच्यामधला सांधा सुटलाय. दोन्ही अंगांना. बोट हलते तशी फट उघडते आणि मिटते.

हा परिच्छेद मी अनेकदा वाचला, कारण त्यात लाकडी बोटीची सगळी अंतर्रचना एका फटीतून दिसते. एरवी अशी फट बोट कोरड्या जमिनीवर असताना बुजवतात. सुताचा पीळ पटाशीसारख्या बोथट लोखंडानं फटीत ठासायचा, वर लुकण भरायचं. पाण्याखाली, श्वास धरून, वरखाली होणाऱ्या बोटीखाली हे कसं करायचं? पहिल्या खेपेस ठासलेलं सूत बाहेर निघून येतं. मग तो वर येतो आणि विचार करतो. मला हा विचार करण्याचा वेळ फार आवडतो. पुढची युक्ती अशी: सूत आधीच कॅनव्हासच्या लांब पट्टीवर शिवायचं, डांबर फासायचं, पट्टीत तांब्याच्या चुका आधीच टोचून ठेवायच्या. म्हणजे खाली गेल्यावर फक्त पट्टी फटीवर धरायची आणि चुका ठोकायच्या. पट्टीवर आणखी एक थर हवा, पाण्याच्या ओढीनं ती फाटू नये म्हणून. तो मिळतो तांब्याच्या एका पत्र्यातून. रेडिओ बसवायला आलेले मार्कोनीचे कारागीर काम संपल्यावर उरलेला पत्रा बोटीवरच सोडून गेले होते.

उरलेला पत्रा. कुणी तो यादीत लिहिला नव्हता. बोटीवर काय असावं याच्या जितक्या याद्या मी वाचल्या, त्यात ‘उरलंसुरलं’ असा खण कुणी ठेवलेला पाहिला नाही. आमच्या टीटीसी औद्योगिक पट्ट्यात, ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या एखाद्या फॅब्रिकेशनच्या गाळ्यात गेलात तर मागच्या भिंतीला टेकवलेला तुकड्यांचा ढीग असतोच, आणि तो भंगारात का देत नाही असं विचारलं तर मालक हसतो. त्या हसण्याचं सविस्तर स्पष्टीकरण नॉक्स-जॉन्स्टनच्या या पानात आहे.

काम चालू असताना शार्क येतो. गोरं अंग पाण्यात चमकू नये म्हणून लेखक गडद शर्ट आणि पँट घालून उतरला आहे, तरीही. तो वर चढतो, बंदूक आणतो, मासा जवळ यावा म्हणून टॉयलेट पेपरचे तुकडे पाण्यावर टाकतो आणि गोळी घालतो. दुसऱ्या कुणी या शार्कचं एक प्रकरण केलं असतं. इथे तो कामातला व्यत्यय म्हणून येतो आणि जातो. शार्क गेल्यावर लेखकाला पहिली आठवण होते ती अर्ध्या राहिलेल्या पट्टीची. पुस्तकाची लय हीच आहे आणि माझ्या मते पुस्तक टिकलं ते या लयीमुळे. गद्य सपाट आहे, विशेषणं गरिबीची आहेत, समुद्राची वर्णनं तर चक्क सामान्य आहेत. पण क्रियापदं नेमकी: शिवलं, फासलं, ठोकलं, पाहिलं, पुन्हा ठोकलं.

आता ती दुसरी बोट. डोनल्ड क्राउहर्स्टची टेनमाउथ इलेक्ट्रॉन, तीन तळांची, शर्यतीसाठी घाईघाईनं बांधलेली. तिच्या मालकाच्या डोक्यात सुधारणा खच्चून भरलेल्या होत्या. बोट कलंडली तर डोलकाठीच्या टोकाला हवेचा फुगा आपोआप फुगेल आणि ते सगळं एक संगणक सांभाळेल. बोटभर तारा फिरवल्या होत्या. त्यांच्या दुसऱ्या टोकाला संगणक मात्र नव्हता. नियमानं निघण्याची शेवटची तारीख ३१ ऑक्टोबर १९६८, तो त्याच दिवशी निघाला. महत्त्वाचे सुटे भाग धक्क्यावरच राहिले. तळातलं पाणी उपसायची नळी बोटीवर आलीच नाही. तुर्भ्याला कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मीटरवर मिळते तसली नळी. पुढे त्यानं दक्षिण अटलांटिकमध्येच घुटमळत खोटी ठिकाणं कळवली आणि जुलै १९६९ मध्ये बोट माणसाशिवाय सापडली. निकोलस टोमलिन आणि रॉन हॉल यांचं त्याच्यावरचं पुस्तक सुहेलीच्या पुस्तकाशेजारी ठेवून वाचावं. एकात जे नाही त्याची भरपाई माणूस हातानं करतो. दुसऱ्यात जे नाही त्याची भरपाई कागदावर होते. नॉक्स-जॉन्स्टननं सर्वांत कमी वेळासाठीचे पाच हजार पौंड क्राउहर्स्टच्या कुटुंबाला देऊन टाकले.

शर्यतीतला तिसरा, फ्रेंच बर्नार मोइतेसिए, या दोघांच्या अगदी उलट वाटेचा. त्याची जोशुआ पोलादी, डोलकाठ्या टेलिफोनच्या खांबांच्या. तो बोटीवर काही चढवण्याऐवजी उतरवत गेला. रेडिओचं यंत्र नाकारलं, निरोप पाठवायला गलोल घेतली आणि जहाज दिसलं की गलोलीनं डबी त्यावर फेकायची. जिंकण्याच्या बेतात असताना शर्यत सोडून तो ताहितीला निघून गेला. मोइतेसिए लेखक म्हणून नॉक्स-जॉन्स्टनपेक्षा पुष्कळ मोठा, हे मान्य. पण समुद्राचं तत्त्वज्ञान ऐकायची इच्छा नसली आणि गळका पंप कसा चालू ठेवायचा हे ऐकायचं असलं, की मी सुहेलीकडेच परततो.

सुहेलीचं नंतर काय झालं हेही सांगायला हवं, कारण तीही तयारीचीच गोष्ट आहे. तिला लंडनमध्ये ग्रिनिचच्या सागरी संग्रहालयात मानानं ठेवलं. तिथल्या कोरड्या, नियंत्रित हवेत सागवानी फळ्या आकसायला लागल्या. केप हॉर्नला न मोडलेली बोट वातानुकूलनानं सुटत चालली. शेवटी मालकानं तिला संग्रहालयातून बाहेर काढलं आणि पुन्हा दुरुस्तीला घेतलं.

कुलाब्याच्या प्रकरणातली माझी भूक भागली ती चाळीसहून अधिक वर्षांनंतरच्या एका भारतीय पुस्तकात. कमांडर दिलीप दोंदे यांचं ‘द फर्स्ट इंडियन’. एकट्यानं शिडाच्या बोटीतून पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. कल्पना होती व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी यांची. १९७१ च्या युद्धात वीरचक्र मिळवलेले हे निवृत्त अ‍ॅडमिरल फलटणजवळ विंचुर्णीला राहत. समुद्रापासून इतक्या आत, माणदेशाच्या कडेला बसून त्यांनी हट्ट धरला होता: बोट भारतात बांधलेली हवी, निघायचं भारतातून आणि परतायचंही भारतातच. २००६ मध्ये दोंदे यांनी होकार दिला तेव्हा ना बोट होती, ना बांधणारा, ना त्यांना स्वतःला अशा सफरीचा अनुभव. शिकायला ते गेले कुणाकडे? नॉक्स-जॉन्स्टनकडेच. सदुसष्टाव्या वर्षी हा गृहस्थ आणखी एका एकट्याच्या जगफेरीच्या शर्यतीची तयारी करत होता. दोंदे त्या तयारीत हाताखाली राबले.

दोंदे यांच्या पुस्तकाचा बराच मोठा भाग जमिनीवर घडतो आणि मला तोच अधिक वाचनीय वाटतो. गोव्यात दिवाडी बेटावर, मांडवीकाठी, रत्नाकर दांडेकर यांचा फायबरग्लासच्या बोटींचा कारखाना. समुद्र ओलांडणारी शिडाची बोट त्यांनी कधी बांधली नव्हती. नकाशे डच, व्हान डे स्टाट यांच्या ‘टोंगा ५६’ या बोटीचे. लाकडाचा गाभा, दोन्ही अंगांनी काचतंतू आणि इपॉक्सी. दोघेही शिकाऊ: एक बांधायला, दुसरा चालवायला. पुस्तकातला विनोद इथून येतो. सरकारी निविदा, मंजुऱ्या, परदेशातून येणारे सुटे भाग, पावसाळ्याची दमट हवा आणि तीत वाळायला वेळ घेणारं रेझिन. नॉक्स-जॉन्स्टनचा विरोधक समुद्र आहे, दोंदे यांचा निम्मा काळ विरोधक फाइल आहे, आणि फाइलशी कुस्ती कशी खेळावी हे मराठी वाचकाला समुद्रापेक्षा नक्कीच जास्त कळतं.

या बोटीचं नाव म्हादेई. १२ फेब्रुवारी २००९ ला ती नौदलात आली. मग मॉरिशसची सराव फेरी, परत येताना दोंदे एकटे. अशा फेरीचा खरा उपयोग मोडणाऱ्या गोष्टींची यादी मिळवण्यासाठी असतो. ती यादी घेऊन पुन्हा गोदी, पुन्हा बदल. १९ ऑगस्ट २००९ ला म्हादेई मुंबईहून निघाली. फ्रीमँटल, लिटल्टन, पोर्ट स्टॅन्ली आणि केप टाऊन अशा चार थांब्यांनी मे २०१० मध्ये ती मुंबईत परतली. पाठोपाठ अभिलाष टॉमी यांनी त्याच बोटीतून २०१२-१३ मध्ये न थांबता प्रदक्षिणा केली. मग त्याच दिवाडीतून तिची बहीण तारिणी निघाली, फेब्रुवारी २०१७ मध्ये नौदलात दाखल झाली आणि त्याच वर्षी सहा महिला अधिकाऱ्यांना घेऊन जगफेरीला गेली.

तारिणीवरच्या साधनांची यादी सुहेलीच्या यादीशेजारी ठेवली की पन्नास वर्षांचा हिशेब एका नजरेत दिसतो. पंचवीस मीटर उंच डोलकाठी, सहा शिडं, उपग्रहाशी जोडणारी यंत्रं, पडद्यावरचे नकाशे. पण मागच्या टोकाला, विजेविना चालणारं, वाऱ्यावर फिरणारं एक पातं आहेच. अ‍ॅडमिरलचा नातू. सगळी वीज गेली तरी बोट दिशा धरून चालावी म्हणून. इतक्या यंत्रांच्या गर्दीत तो बसवण्याचा निर्णय घेणाऱ्यानं नॉक्स-जॉन्स्टनचं पुस्तक नीट वाचलं असणार, असं मला वाटतं.

पुस्तकावर माझा एक आक्षेप उरतोच. सगळं वाचून झाल्यावर असा भास होतो की हातात कसब आणि बोटीशी ओळख असली की माणूस पोचतोच. नशीब या पुस्तकात फार कमी दिसतं. २०१८ मध्ये जुन्या शर्यतीच्या पन्नाशीनिमित्त पुन्हा गोल्डन ग्लोब झाली, साधनंही १९६८ च्या काळचीच वापरायची अट होती. अभिलाष टॉमी उतरले ते थुरियामध्ये, म्हणजे सुहेलीच्या प्रतिकृतीत. चुकून कुलाब्याला आलेला तो नकाशा अर्धशतकानं दिवाडीला पोचला होता आणि बांधणारे होते दांडेकरच. बोट सुहेलीसारखीच, खलाशी जगफेरी केलेला. सप्टेंबर २०१८ मध्ये दक्षिण हिंदी महासागरात वादळात थुरियाची डोलकाठी मोडली, टॉमींच्या पाठीला जबर दुखापत झाली आणि ते बोटीत आडवे पडून राहिले. उपग्रहावरून छोटे मजकूर पाठवणारं एक यंत्र सुरक्षिततेसाठी बोटींना दिलेलं होतं. त्यावरून त्यांचे तुटक निरोप आले आणि ओसिरिस या फ्रेंच जहाजानं त्यांना उचललं. सुहेलीचा रेडिओ बंद पडला होता आणि न्यूझीलंड सोडल्यावर चार महिन्यांहून अधिक काळ नॉक्स-जॉन्स्टन जिवंत आहे की नाही हे कुणालाही ठाऊक नव्हतं. त्याची डोलकाठी तशीच मोडली असती, तर हे पुस्तकच नसतं.

टॉमी बरे झाले आणि २०२२ च्या शर्यतीत ‘बायानत’ या दुसऱ्या बोटीतून पुन्हा निघाले. २९ एप्रिल २०२३ ला ते दुसरे आले. त्या फेरीत बोटीचं वाऱ्यावर चालणारं सुकाणू मोडलं, सुटे भाग संपले, आणि त्यांनी त्याची पाती बोटीवरच्या संडासाचं दार कापून केली.